ऐकणारे अकरा, वाचणारे चार: वास्कोतल्या एका बायबल अभ्यासगटाचे प्रकरण

हे प्रकरण कोण्या एकाच गटाचे नाही. गोव्यातल्या वास्को, बायणा, मांगोर हिल, झुआरीनगर या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या घरगुती अभ्यासगटांना ज्या अडचणी येतात, त्या इथे एका गटाच्या रूपाने मांडल्या आहेत. माणसे नमुन्यादाखल आहेत, वचने आणि संदर्भ खरे आहेत.

गटात अकरा जण. बहुतेकांची मूळ गावे कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरकडची. बंदरात, शिपयार्डात किंवा सांकवाळ-वेर्ण्याच्या कंपन्यांत नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. ही मंडळी प्रोटेस्टंट. तिघे सिंधुदुर्गातले कॅथलिक, रविवारची मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) कोकणीत ऐकतात पण घरात मराठी-मालवणी बोलतात. वय 28 ते 71. अकरांपैकी चौघे सफाईने वाचतात, चौघे अडखळत वाचतात आणि तिघांना वाचता येत नाही. ही शेवटची गोष्ट गटचालकाला पाचव्या बैठकीपर्यंत माहीतच नव्हती.

बैठक गुरुवारी संध्याकाळी साडेसातला, एका सदस्याच्या हॉलमध्ये. एकूण 90 मिनिटे: गीते 10, प्रार्थना 10, पाळीपाळीने वचनवाचन 15, गटचालकाचे स्पष्टीकरण 40, शेवटची प्रार्थना 15. अभ्यास मार्ककृत शुभवर्तमानाचा, दर आठवड्याला एक उतारा. पाचव्या बैठकीपर्यंत उपस्थिती अकरावरून सहावर आली. गटचालकाने कारणे काढली ती नेहमीचीच: कंपनीच्या पाळ्या, पाऊस, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पेशंट घेऊन गावाकडून आलेले पाहुणे. ती खरीही होती. पण पाळ्या आणि पाऊस पहिल्या बैठकीलाही होतेच.

पाळीने वाचन: कुठे बिघडते

गोल करून बसायचे आणि प्रत्येकाने एकेक वचन वाचून पुढच्याकडे द्यायचे, ही सवय संडे स्कूलमधून आलेली. मुलांना ती ठीक, त्यांना वाचायला शिकायचेच असते. मोठ्या माणसाला मात्र तिथे परीक्षा द्यावी लागते. पाळी येईपर्यंत तो ऐकत नसतो. आपल्या वाट्याला कितवे वचन येईल हे मोजून ते मनात घोकत असतो. पाळी होऊन गेली की सुटलो म्हणून ऐकत नाही. ज्याला वाचताच येत नाही तो आधी चष्मा विसरल्याचे सांगतो, मग घसा बसल्याचे, मग उशिरा येऊ लागतो आणि शेवटी येतच नाही. या गटात चष्मा सलग तीन आठवडे विसरणाऱ्या एक मावशी होत्या. चष्मा त्यांच्या पिशवीतच असायचा.

त्यात तीन आवृत्त्या. कोणाच्या हातात बायबल सोसायटीची जुनी प्रत, कोणाकडे सोप्या मराठीतली, कॅथलिकांकडे त्यांची. एकाच उताऱ्याचे एक वचन एका भाषेत आणि पुढचे दुसऱ्या भाषेत कानावर पडत होते. शिवाय प्रत्येक जण आधी आकडा वाचणार, मग वचन. हे आकडे काही पवित्र लेखकांनी घातलेले नाहीत. नव्या करारातले आजचे वचनक्रमांक 1551 साली रोबेर एस्तियेन या मुद्रकाने आपल्या ग्रीक आवृत्तीत घातले. संदर्भ शोधायला ते सोयीचे, पण मोठ्याने वाचताना कथेचे तुकडे करतात. उताऱ्यावरच्या ठळक मथळ्यांचेही तेच. ते संपादकांचे असतात आणि बऱ्याचदा शेवट आधीच फोडून टाकतात.

वाचनानंतर 40 मिनिटे स्पष्टीकरण. मधूनमधून गटचालक विचारी, "म्हणजे विश्वास महत्त्वाचा, बरोबर ना?" त्यावर सगळे म्हणत, "आमेन." मोठ्यांच्या गटात "आमेन"खाली खूप काही झाकले जाते. समजले असले तरी आमेन, नसले तरी आमेन, पटले नसेल तर थोडे हळू आमेन. ज्या प्रश्नाचे उत्तर "आमेन"ने देता येते तो प्रश्न विचारूच नये.

गोळ्या

पाचव्या बैठकीचा उतारा होता मार्क 5:21-43. सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पाया पडतो, मुलगी मरायला टेकली आहे म्हणतो. येशू निघतो. वाटेत बारा वर्षे रक्तस्राव होत असलेली एक बाई गर्दीत मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. तो थांबतो, कोण शिवले ते विचारतो. ती भीत, थरथरत पुढे येऊन सगळे खरे सांगते. एवढ्यात याईराच्या घरून निरोप येतो, मुलगी गेली. मग घरी जाऊन तो बारा वर्षांच्या त्या मुलीला उठवतो आणि तिला खायला द्या म्हणतो.

26व्या वचनात त्या बाईबद्दल म्हटले आहे की पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने फार सोसले, होते ते सगळे खर्चले आणि गुण न येता उलट दुखणे वाढले. गटातले ज्येष्ठ काका इथे बोलले, "बघा, बारा वर्षं वैद्यांनी लुटलं. विश्वास धरला, एका क्षणात मोकळी." पाच जणांचे आमेन. गटचालकाला घड्याळ दिसत होते, तो पुढे सरकला.

पुढच्या गुरुवारी चष्मावाल्या मावशी आल्या नाहीत. त्यांच्या मुलीकडून कळले की आईने आठ दिवसांपासून शुगरच्या गोळ्या बंद केल्यात आणि चक्कर येतेय.

इथे गटचालक योग्य वागला. बैठक दुसऱ्याकडे सोपवून, गटातल्या एका ताईंना बरोबर घेऊन तो त्याच रात्री घरी गेला. वचनावर वाद घातला नाही, काकांचे नावही काढले नाही. म्हणाला, "मावशी, गोळी बंद करा असं या उताऱ्यात कुठंच नाही. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ, शुगर तपासू, ते सांगतील तशी गोळी घ्यायची." मुलीला बाजूला घेऊन बजावले की रात्रीत उलट्या, फार तहान, धाप किंवा गुंगी दिसली तर सकाळची वाट न पाहता 108ला फोन करायचा. बंद केलेली गोळी आपल्या मनाने दुप्पट करून सुरू करणेही धोक्याचे, तेही सांगून ठेवले. अशा वेळी हाच क्रम धरावा: आधी माणूस, मग डॉक्टर आणि शिकवणूक त्यानंतर. हेही एकांतात, चारचौघांत नव्हे.

घडले त्याचे खापर काकांवर फोडणे सोपे होते. पण काकांनी उताऱ्याचा जो एक तुकडा ऐकला त्यावर ते बोलले. बाकीचा उतारा त्यांच्यासह कोणाच्याच कानात बसला नव्हता. खरा दोष तिथे होता, आणि बैठकीची घडी बदलल्याशिवाय तो जाणारा नव्हता.

बैठक नव्याने बांधली ती अशी

पुढच्या आठवड्यात नवा उतारा घेतला नाही. तोच पुन्हा. वेळ 90वरून 75 मिनिटांवर आणली, कारण पावणेनऊला संपले की बसने जाणाऱ्यांची चुळबुळ राहत नाही.

पहिली पाच मिनिटे विचारपूस. मग बायबल बंद करून ऐकणे. एकच वाचक सबंध उतारा वाचतो. त्याला रविवारीच सांगून ठेवलेले असते आणि घरी त्याने तीन वेळा मोठ्याने वाचलेले असते. आकडे आणि मथळे गाळायचे, थांबायच्या जागी पेन्सिलीने रेघ मारायची. बोलणारा बदलला की किंचित थांबायचे, आवाज मात्र नाटकासारखा बदलायचा नाही. ही 23 वचने सावकाश वाचायला चारेक मिनिटे लागतात. नंतर अर्धा मिनिट शांतता आणि दुसऱ्या आवाजात तोच उतारा पुन्हा. एकदा पुरुषाचा आवाज आणि एकदा बाईचा असेल तर या उताऱ्यात फार फरक पडतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना रविवारीच उताऱ्याचे ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर जाते. मराठी बायबलच्या श्राव्य आवृत्त्या मोबाईलवर फुकट मिळतात, पण गटातल्याच माणसाच्या आवाजातले जास्त ऐकले जाते. बैठकीत त्यांना उतारा इतरांइतकाच, कधी जास्तच, ठाऊक असतो. पहिल्याच वेळी सर्वांत बारकाईने कथा सांगितली ती न वाचणाऱ्या तिघांपैकी एका आजोबांनी. याचे नवल वाटू नये. कीर्तन-निरूपण ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला कानाने धरून ठेवायची सवय असते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण 1616 साली याच गोव्यात, रायतूरला छापले गेले, तेही लोकांनी ऐकावे म्हणूनच रचलेले होते.

दोन वाचनांनंतर 15 मिनिटे कथा पुन्हा सांगणे. कोणीही सुरुवात करतो, दोन-तीन वाक्यांवर थांबतो, गटचालक फक्त "पुढे?" म्हणतो. मध्ये दुरुस्ती नाही. चुका तो कागदावर टिपत जातो. या उताऱ्यात त्या ठरलेल्या जागी होतात. मुलगी सुरुवातीलाच मेलेली असते, असे कोणीतरी सांगतो. ते मत्तय 9:18 मधले, तिथे बाप तसेच म्हणतो आणि वैद्यांचा उल्लेखच नाही. घरातली माणसे येशूला हसली, हे 40वे वचन बहुतेक विसरतात. निरोप घेऊन आलेले लोक गळतात, त्यामुळे याईर इतका वेळ ताटकळला होता हे हरवते. कोणीतरी मध्येच "म्हणून आपणही..." असे सुरू करतो, तेव्हा "थांबा, अजून गोष्ट चालू आहे" एवढेच म्हणावे.

कॅथलिक सदस्यांची एक वेगळी अडचण निघाली. मिस्सेतल्या वाचनांचा त्यांच्याकडे तीन वर्षांचा फेरा असतो; त्यातल्या 'ब' वर्षात, 'सामान्य काळ' म्हणतात त्यातल्या 13व्या रविवारी हा उतारा येतो. पण ही वाचने ज्यात दिलेली असतात त्या वाचनग्रंथात एक छोटा पर्यायही दिला आहे, 21 ते 24 आणि 35च्या उत्तरार्धापासून 43. त्यात ती बाई नाहीच. ज्यांनी तेवढेच ऐकले त्यांच्या आठवणीत फक्त याईराची मुलगी होती. गटचालकाने हे समजून घेतले नसते तर "तुम्हाला एवढंही माहीत नाही?" असा सूर लागला असता.

नंतर दहा मिनिटे पडताळा. आता कागद वाटले जातात: एकाच आवृत्तीचा उतारा, 18 पॉइंटच्या टाइपात, ए-फोरची दोन पाने, ओळींत भरपूर अंतर. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसणे सगळ्यांनाच होते आणि घरातल्या पिवळ्या दिव्याखाली बायबलचा बारीक टाइप कोणालाच दिसत नाही. कागद आल्यावर मावशींनी चष्मा काढून लावला. अक्षरे ओळखू येत नव्हती, पण "थरथरत" हा शब्द कुठे आहे ते शेजारच्या ताईंनी बोट ठेवून दाखवले, तिथे त्यांनी पेन्सिलीने खूण केली.

उरले 35. त्यांतले 20 प्रश्नांना, 10 शांतता आणि प्रार्थनेला, शेवटचे 5 पुढच्या वाचकांची नावे ठरवायला.

26व्या वचनाकडे परत

प्रश्न फक्त तीन ठेवले. पहिला: या उताऱ्यात 'असे करा' असे कोणी कोणाला सांगितले आहे, तेवढे शोधा. दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीत एक तरी वाचणारा. यादी छोटी निघते. बाईला: शांतीने जा, बरी राहा. याईराला: भिऊ नको, विश्वास मात्र धर. मुलीला: ऊठ. घरच्यांना: हे कोणाला कळू देऊ नका, आणि हिला खायला द्या. बस्स. वैद्यांबद्दल आज्ञा एकही नाही. 26वे वचन त्या बाईवर काय गुजरले ते सांगते, कोणाला काय करायचे ते सांगत नाही. 'घडले ते' आणि 'करा म्हटले ते' वेगळे काढणे ही सवय मोठ्यांच्या गटाला एकदा लागली की निम्मे गैरसमज आपोआप मिटतात. ती प्रवचनातून लागत नाही, यादी स्वतः करावी लागते. काकांच्या जोडीने आज्ञांची यादी सर्वांत आधी पूर्ण केली. ती वाचून दाखवताना ते 26व्या वचनाशी थांबले आणि म्हणाले, "इथं तर काहीच सांगितलेलं नाही."

गटचालकाने तीन संदर्भ तयार ठेवले होते, ते यानंतरच काढले. यशया 38:21 मध्ये हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला आहे. कलस्सैकरांस 4:14 मध्ये प्रेषित पौल आपला सोबती लूक याला प्रिय वैद्य म्हणतो. 1 तीमथ्य 5:23 मध्ये पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. कॅथलिक ताईंनी सिराखच्या 38व्या अध्यायाची भर घातली, तिथे वैद्याचा मान राखायला सांगितले आहे. त्यांच्या बायबलमध्ये 73 पुस्तके, प्रोटेस्टंटांच्या 66, आणि सिराख त्या जादा सातांत आहे. मिश्र गटात असे पुस्तक निघाले की सरळ सांगून टाकावे, "हे त्यांच्या बायबलमध्ये आहे, आपल्या नाही", आणि पुढे जावे. त्यावर कोणती पुस्तके बायबलमधली हा वाद उकरला तर गुरुवार गेला.

दुसरा प्रश्न: ती बाई मागून का आली? पाचव्या बैठकीत गटचालकाने रक्तस्राव हा शब्द भरभर उरकून विश्वासावर उडी घेतली होती, बायामाणसे बसली होती म्हणून. या वेळी ताईंनी तो स्पष्ट उच्चारला आणि लेवीय 15:25-27 वाचून दाखवले: असा स्राव लांबलेल्या बाईचे अंथरूण, तिची बसायची जागा, त्यांना शिवणाराही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. पुढे कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. 'कावळा शिवला' म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या आज्या सगळ्यांच्या घरात होत्या. बारा वर्षे तसे काढायचे म्हणजे काय, ते बायकांनीच सांगितले, पुरुष ऐकत राहिले.

मात्र इथे दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. मार्क स्वतः या कथेत अशुद्धतेचा शब्द काढत नाही, त्यामुळे "येशूने नियमशास्त्र मोडून दाखवले" असे ठासून सांगू नये. आणि त्या काळचे यहुदी लोक किती कठोर होते यावर गट रंगू लागला तर वेळीच आवरावे. येशू, ती बाई, याईर, सगळे यहुदीच होते, आणि आपल्या आज्यांचे कोपरे काही यहुद्यांनी ठरवलेले नव्हते.

तिसरा प्रश्न सुटला नाही. एका विधवा सदस्येने 34व्या वचनावर बोट ठेवले: "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले. मग माझ्या नवऱ्यासाठी आम्ही केलेल्या प्रार्थनेत माझा विश्वास कमी पडला का?" गटचालकाने लगेच उत्तर दिले नाही, हे बरे केले. प्रश्नानंतर मनात दहापर्यंत मोजायचे हा नियम अशाच जागी उपयोगी पडतो. नाहीतर कोणीतरी "देवाची इच्छा" म्हणून विषय संपवतो आणि बाई आयुष्यभर गप्प बसते. थोड्या वेळाने सोलापूरचा एक तरुण म्हणाला, "पण त्या मुलीनं तर कसलाच विश्वास धरला नव्हता. ती मेलेलीच होती." ते उताऱ्यातूनच आले होते, म्हणून टिकले. बाईचा विश्वास, बापाची भीती, घरच्यांचे हसू आणि काहीच करू न शकणारी मुलगी: चारही एकाच उताऱ्यात आहेत, त्यातून विश्वास इतका तर गुण तितका असे गणित बसत नाही. गटचालकाने जोड दिली ती 2 तीमथ्य 4:20ची. आपला सहकारी त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात मागे ठेवले, असे पौल लिहितो, त्याचा विश्वास कमी होता असे म्हणत नाही. त्या बाईंचे समाधान झाले का? नाही. पण पुढच्या गुरुवारी त्या आल्या.

पुढे काय राहिले

कॅथलिक छोट्या समुदायांत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची सात पायऱ्यांची पद्धत चालते. उतारा वाचायचा, मनाला भिडलेला शब्द मोठ्याने म्हणायचा, शांत राहायचे, मग वाटून घ्यायचे. तीही या गटाने करून पाहिली. प्रार्थनेसाठी ती उत्तम. पण एका कथेत दुसरी कथा गुंफलेल्या अशा उताऱ्यात प्रत्येक जण आपला शब्द घेऊन बसतो आणि काकांचा शब्द 'वैद्य' असू शकतो. म्हणून आधी कथा सबंध सांगून व्हावी, शब्द मग निवडावेत.

काकांशी गटचालक वेगळा बोलला. त्यांना महिन्यातून एकदा वाचनाचे काम दिले, ते मन लावून करतात. मावशींच्या गोळ्यांचा विषय त्यांच्यापुढे काढायचा की नाही यावर गटचालक आणि ताईंचे एकमत झाले नाही. आमच्या मते काढायला हवा होता, पण मावशींची परवानगी घेऊन. ती त्यांनी दिली नाही.

उपस्थिती नऊच्या आसपास राहते. ऑक्टोबर ते मार्च हॉटेलांचा सीझन, तेव्हा दोघे जण येतच नाहीत, आणि कंपनीतल्यांची दुसरी पाळी असली की आणखी दोघे गळतात. चुकलेल्यांसाठी मागच्या उताऱ्याची गोष्ट सुरुवातीला दोन मिनिटांत सांगितली जाते. ती गटचालकाने सांगायची नाही, मागच्या वेळी हजर असलेल्या कोणीही सांगायची, आणि वाचणाऱ्यांपैकी एकच जण सलग दोनदा नको. माणसे बारांच्या वर गेली की गट दोन करायचे ठरले आहे, कारण 15 मिनिटांत बारांहून जास्त जणांना गोष्ट सांगायला मिळत नाही. सध्या निम्म्या गटाला प्रकटीकरण, म्हणजे बायबलचे शेवटचे पुस्तक, हवे आहे. गटचालक मार्काचे सोळा अध्याय संपेपर्यंत त्याला हात लावायला तयार नाही.